मशीन बदलू की ब्लीच सोडू?

पत्राचा सारांश: बेळगावच्या एका उपनगरातून वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात नवरा, शाळकरी मुलगा, दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. सासऱ्यांना त्या मामंजी म्हणतात. मामंजींच्या चादरी दिवसाआड निघतात. ‘घरात आजारी माणूस आहे हे पावण्यांना दारातच कळू नये’ म्हणून त्या फ्रंट लोड मशीनमध्ये पावडरीबरोबर अंदाजानं ब्लीचही ओततात. अलीकडं चादरींची पाळी असली की बाथरूममध्ये झोंबणारा वास येतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि सासूबाईंना ढास लागते. मुलाचे पांढरे शर्ट त्याच पद्धतीनं धुतात, पण तेव्हा तसा वास येत नाही. ते शर्ट मात्र पिवळट होत चाललेत. यजमान म्हणतात मशीन बिघडलंय, नवीन घेऊ. सासूबाई म्हणतात, पावडर आणि ब्लीच एकत्र आलं की विष तयार होतं, मशीन बंद करा आणि हातानं धुवा. मेकॅनिकनं मशीन साफ करायची पावडर टाकायला सांगितली आहे. त्यांचा प्रश्न आहे : मशीन बदलू की ब्लीच सोडू?

ताई,

आधी तातडीचं सांगते. हे वाचून होईपर्यंत चादरींच्या पाळीला ब्लीच घालू नका, आणि मेकॅनिकनं सांगितलेली पावडरही आज टाकू नका. कारण पुढं येतंच आहे.

तुमच्या पत्रातच उत्तर दडलेलं आहे. शर्ट धुताना वास येत नाही, चादरी धुताना येतो. मशीन तेच, पावडर तीच, ब्लीचची बाटलीही तीच. मशीन बिघडलं असतं तर त्यानं शर्ट आणि चादरी यांत फरक केला नसता. फरक आहे तो चादरींत मुरलेल्या लघवीचा. लघवीत युरिया असतो. ओली चादर टोपलीत तासन्‌तास पडून राहिली की जंतूंमुळं त्या युरियाचा अमोनिया होतो. पहाटे काढलेली चादर दुपारी मशीनमध्ये जाते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे अमोनियाला तयार व्हायला भरपूर वेळ मिळतो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाण्यातलं द्रावण. ते अमोनियाला भेटलं की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. डोळे चुरचुरणं, घशात खवखव, खोकला ही त्यांची ओळख. जलतरण तलावात डोळे झोंबतात त्यालाही बऱ्याच अंशी हेच वायू कारण असतात. तलाव मोकळा असतो, तुमची बाथरूम बंद आहे. आणि सासूबाईंना दमा आहे. धडधाकट माणसाला नुसती चुरचुर होईल तेवढ्यानं दम्याच्या माणसाचा श्वास अडकू शकतो, म्हणून ही गोष्ट ‘थोडा वास येतो’ म्हणून सोडून द्यायची नाही.

सासूबाईंना काहीतरी विषारी होतंय असं वाटलं ते खरंच होतं. फक्त दोष पावडरीवर गेला. कपड्यांची साधी पावडर अल्कलीयुक्त असते आणि अल्कलीत ब्लीच स्थिर राहतं, त्यातून वायू सुटत नाही. दोन्ही एकत्र घातल्यानं नुकसान होतं ते वेगळं. हल्लीच्या चांगल्या पावडरींत डाग पचवणारी एन्झाइम असतात, ती ब्लीचनं मरतात. काही पावडरींत आणि डाग काढायच्या गुलाबी डब्यांत ऑक्सिजन ब्लीच असतं, तेही या क्लोरीन ब्लीचबरोबर वाया जातं, दोघं एकमेकांना संपवतात. महाग पावडर आणि ब्लीच एकाच वेळी घातलं तर दोन्हींचे पैसे गटारात जातात. दोन्ही वापरायचंच असेल तर पावडरीला पाच-दहा मिनिटं आपलं काम करू द्यावं, ब्लीच त्यानंतर घालावं.

धोका आहे तो आम्लाचा. टॉयलेट साफ करायचं द्रव, फरशीचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत्व यांतलं काहीही ब्लीचमध्ये गेलं की थेट क्लोरीन वायू सुटतो, आणि तो क्लोरामाइनपेक्षाही वाईट. मशीनमधला क्षार काढायच्या पावडरी बहुतेकदा आम्लाच्याच असतात. ड्रॉवरमध्ये ब्लीचचे थेंब शिल्लक असताना ती पावडर पडली असती तर काय झालं असतं, म्हणून मी सुरुवातीलाच हात धरला. मेकॅनिकनं सांगितलं ते मशीनपुरतं बरोबरच आहे, फक्त तुम्ही ब्लीच घालता हे त्याला कुणी सांगितलं नसावं. ती पावडर वापरायचीच असेल तर आधी मशीन नुसत्या पाण्यावर दोनदा रिकामं फिरवा, ड्रॉवर बाहेर काढून नळाखाली धुवा, आणि दुसऱ्या दिवशी टाका.

आता तुमच्या प्रश्नाकडं वळते. तुम्ही दोन पर्याय दिलेत, मशीन बदलायचं किंवा ब्लीच सोडायचं. मला तिसरीच गोष्ट विचारायची आहे. चादरींना ब्लीच हवंच, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

पत्रात तुम्ही लिहिलंय, पावण्यांना दारातच कळू नये. ही धास्ती मी समजू शकते. आपल्याकडं घराला वास येतो म्हटलं की बोट सुनेकडं वळतं, आजाराकडं वळत नाही. पण वर्षभर एका माणसाला स्वच्छ, कोरडं ठेवणं, त्याची पाठ चिघळू न देणं हे केवढं मोठं काम आहे! ज्या घरात हे काम चाललंय त्या घराला कधीमधी वास येणारच. त्यात तुमची कसूर नाही. शिवाय ब्लीचचा उग्र वास लघवीच्या वासाच्या वर बसतो, एवढंच. पावण्याला दवाखान्यात आल्यासारखं वाटेल, घरात आल्यासारखं वाटणार नाही.

वास कमी करायचा तर मुळाशी जावं लागेल. पहिली गोष्ट, मामंजी दिवसभरात पाणी किती पितात ते बघा. चादर ओली होते म्हणून अंथरुणावरच्या माणसाला पाणी कमी दिलं जातं, अनेक घरांत नकळत हेच होतं. मग लघवी गडद होते, तिचा वास वाढतो. वास अचानक वाढला असेल, लघवी गढूळ असेल, ताप असेल, किंवा मामंजी नेहमीपेक्षा गोंधळल्यासारखं बोलत असतील तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तेव्हा चादरीकडं बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनीच पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.

दुसरी गोष्ट, गादी. चादर कितीही धुतली तरी गादीत मुरलेलं तसंच राहतं. गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या घड्या, आणि वर चादर. रात्रीतून घडी बदलली तर चादर कित्येकदा वाचते. जुनी सुती लुगडी यासाठी फार उपयोगी पडतात, बाजारातली कुठलीही वस्तू इतकी मऊ नसते.

तिसरी गोष्ट, धुण्याचा क्रम. चादर काढली की टोपलीत टाकायची नाही, लगेच गार पाण्यात बुडवायची. मागच्या दारी नळ असेल तर तिथंच दोन पाण्यांत चुबकून पिळून ठेवायची. शी लागली असेल तर ती आधी झटकून टॉयलेटमध्ये, मग पाणी. हातात रबरी मोजे हवेत. एवढं केलं की अमोनिया व्हायला फारसं काही उरत नाही, आणि वासाचं निम्म्याहून जास्त काम तिथंच संपतं. मग मशीनमध्ये फक्त पावडर, सुती चादर असेल तर 60 अंशांवर, आणि एक जादा खंगाळणं. त्यानंतर ऊन. नुसत्या लघवीच्या चादरींना गरम पाणी, पावडर आणि ऊन एवढं पुरेसं होतं.

पण आपल्याकडचा पावसाळा! जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडं उन्हाची वाट बघत बसलं तर चादरी दोन-दोन दिवस ओल्या राहतात आणि कुबट वास वेगळाच. तेव्हा मशीनमध्ये नुसतं पिळणं आणखी एकदा लावा, आणि चादरी दोरीवर एकावर एक न टाकता पंख्याखाली मोकळ्या पसरा. जाड चादरी या चार महिन्यांत कपाटात ठेवा. पातळ सुती चादरी संख्येनं जास्त असल्या तर हाल कमी होतात.

मग ब्लीच कधी? जुलाब-उलट्या झाल्या, कातडीला संसर्ग झाला, जखमेचा पू चादरीला लागला, आणि कपडा पांढरा सुती आहे, तर ब्लीचला नक्की जागा आहे. मी त्याच्या विरोधात नाही. मात्र ते पावडरीनं एकदा धुऊन, खंगाळून झाल्यावर, दुसऱ्या फेरीला. साधारण 4 ते 5 टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर 10 लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिलिलिटर, या अंदाजाच्या पुढं जाऊ नका. बाटलीवर याहून कमी माप लिहिलं असेल तर तेवढंच घ्या. ते आधी लिटरभर गार पाण्यात मिसळून घ्यायचं. कोरड्या कपड्यावर नुसतं ब्लीच पडलं की तिथं भोक पडतं, आज नाही तर चार धुण्यांनी. खिडकी उघडी, बाथरूमचं दार उघडं, सासूबाई पुढच्या खोलीत.

तुमच्यासारख्या फ्रंट लोड मशीनच्या ड्रॉवरमध्ये तीन कप्पे असतात, आणि अनेक मशीनमध्ये ब्लीचसाठी वेगळा कप्पा नसतोच. फुलाचं चित्र असलेला कप्पा सॉफ्टनरचा. त्यात ब्लीच ओतलं तर ते शेवटच्या पाण्यात उतरतं आणि कपड्यांतच राहतं, मग तीच चादर मामंजींच्या नाजूक झालेल्या पाठीखाली जाते. मशीनच्या पुस्तिकेत ब्लीचचा कप्पा दाखवला नसेल तर मशीनमध्ये घालूच नका, बादलीत भिजवा. दहा मिनिटं पुरतात. मग दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळून काढा. ज्यांच्याकडं सेमी ऑटोमॅटिक आहे त्यांनी टबात पाणी भरून, त्यात पातळ केलेलं ब्लीच घालून एकदा फिरवून मगच कपडे सोडावेत. आणि ब्लीचचं पाणी मशीनमध्ये रात्रभर ठेवू नये, त्यानं स्टीलच्या ड्रमला गंज धरतो, दाराचं रबर कडक होतं.

रेशीम, लोकर, नायलॉन आणि ताणणारे कपडे यांना ब्लीच कधीच नाही. लोकर आणि रेशीम तर त्यात अक्षरशः विरघळतात. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी घरात असेल तर ब्लीचचा हात पुसल्याशिवाय तिला शिवूसुद्धा नका, रंग गेला की परत येत नाही.

आता मुलाचे शर्ट. इथं तुम्ही अगदी उलट्या दिशेला चाललात. शर्ट पिवळट दिसला की ब्लीच, आणखी पिवळट झाला की आणखी ब्लीच. दुकानातला नवा पांढरा शर्ट इतका झगझगीत दिसतो, कारण कापडावर चमक देणारं एक रसायन चढवलेलं असतं. ते उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेतं आणि निळसर उजेड परत टाकतं. ब्लीच त्या रसायनालाच मारतं. शिवाय शाळेचे शर्ट बहुधा सुती आणि पॉलिएस्टर मिसळून केलेले असतात. त्यातल्या पॉलिएस्टरला ब्लीचचा फायदा काहीच होत नाही.

दुसरं कारण तुमच्या पाण्यात असावं. उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही तेव्हा बोअरचं वापरतो, असं तुम्ही लिहिलंय. राकसकोप आणि हिडकल धरणांतून येणारं नळाचं पाणी वेगळं, घरामागच्या बोअरचं वेगळं. आपल्या बाजूची लाल माती आणि जांभा लोहानं भरलेला. अशा जमिनीतल्या पाण्यात लोह विरघळलेलं असलं तर पाणी दिसायला नितळ असतं, पण ब्लीच पडलं की तेच लोह गंजाच्या रूपात बाहेर पडतं आणि कापडावर बसतं. म्हणजे डाग काढायला घातलेलं ब्लीचच डाग पाडतं. घरी तपासता येईल : पांढऱ्या वाटीत बोअरचं पाणी घ्या, ब्लीचचे दोन थेंब टाका, तासभर ठेवा. पाणी पिवळट-तांबूस झालं किंवा तळाशी गाळ बसला तर त्या पाण्यात पांढऱ्या कपड्यांना ब्लीच बंद. पांढरे कपडे नळाचं पाणी येईल त्या दिवशीच धुवा. घरी किंवा शेजारी आड असेल तर त्याचंही पाणी असंच तपासून बघा.

अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीतल्या वाचकांची तक्रार थोडी वेगळी असते. बोअरच्या पाण्यात क्षार फार, पावडर फेसाळतच नाही, म्हणून आणखी पावडर घातली जाते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणं कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. त्यापुढच्या पाण्यात वडीचा साबण नुसता दह्यासारखा फाटतो आणि कपड्यांत राखाडी थर धरतो. तिथं मशीनसाठीची पावडर पुड्यावर कठीण पाण्यासाठी दिलेल्या मापानं घ्यावी आणि शेवटचं खंगाळणं जमेल तर पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करावं.

तुमच्या घरी पावडर जास्त पडते का, तेही बघून टाका. धुऊन वाळलेला टॉवेल स्वच्छ पाण्याच्या बादलीत चुबकला आणि पाणी दुधाळ होऊन फेस आला तर पावडर कपड्यांत उरते आहे. उरलेली पावडर धूळ धरून ठेवते, कपडा मळकट दिसतो, आणि दाराच्या रबरात काळी बुरशी वाढते. तुम्ही ज्याला ‘मशीनचा वास’ म्हणता त्यातला काही भाग हाच असणार. फ्रंट लोडला कमी फेसाची, त्याच मशीनसाठीची पावडर लागते, हातानं कपडे धुण्याची नव्हे. माप निम्म्यावर आणा, धुणं झालं की रबराची घडी फडक्यानं पुसा, आणि मशीनचं दार किलकिलं ठेवा. नवीन मशीन घेतलं तरी हे करावंच लागेल, म्हणून यजमानांना सांगा, आधी महिनाभर हे करून बघू.

त्यांच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या कामाच्या कपड्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. तेल आणि फाउंड्रीची, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातली, काजळी ब्लीचनं निघत नाही, ते काम साबणाचं. ते कपडे चादरींबरोबर आणि शर्टांबरोबर कधीही टाकू नका. गरम पाण्यात पावडर घालून तासभर भिजत ठेवायचे, कॉलर आणि बाह्या घासायच्या, मग वेगळी फेरी. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या भगिनींनाही माझं हेच सांगणं आहे.

बाटलीचंही बोलते. गाडीवर येणारं सुटं ब्लीच आणि फिनेल जुन्या थंड पेयाच्या बाटल्यांत मिळतं, ते स्वस्त पडतं म्हणून आपण घेतो. त्याची ताकद किती, ते किती दिवसांचं, काही कळत नाही, आणि उन्हाळ्यात पोर तहानेनं तीच बाटली तोंडाला लावतं. कृपा करून ते घेऊ नका. ब्लीच मूळ बाटलीत, अंधाऱ्या, गार जागी, पोरांच्या हाताबाहेर, आणि ॲसिडच्या बाटलीपासून लांब. उघडून वर्ष झालेल्या बाटलीत ताकद फारशी उरत नाही, मग माणूस दुप्पट ओततो. पंचायतीकडून आडासाठी मिळणारी ब्लीचिंग पावडर कपड्यांना वापरू नका, ती तिपटीहून कडक असते आणि तिचे खडे नीट विरघळत नाहीत. आपल्या भागात बाटलीवरच्या सूचना इंग्रजीत, हिंदीत, कधी कन्नडमध्ये असतात. सासूबाईंना मराठी वाचता येत असेल तर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा : ‘ॲसिड, लिंबू, व्हिनेगर आणि लघवीचे कपडे यांत घालायचं नाही.’ धुण्याला येणाऱ्या बाईंना कन्नडच येत असेल तर शेजारणीकडून कन्नडमध्येही लिहून घ्या.

पुन्हा कधी तसा वास आलाच तर वाकून बघायचं नाही. मशीन बंद करायचं, सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं, खिडक्या-दारं उघडी टाकायची आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत जायचं नाही. त्यावर दुसरं काही ओतून वास मारायला जाऊ नका. सासूबाईंना धाप लागली, छाती दाटली आणि नेहमीच्या पंपानं बरं वाटलं नाही तर 108 ला फोन करा, वाट बघू नका. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा. कुणी प्यालं तर उलटी काढायला लावू नका, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

शेवटचं, हे सगळं तुम्ही एकटीनं करायचं असं तुम्ही धरून चालला आहात. पहाटेची चादर लगेच पाण्यात बुडवणं हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि मामंजी यजमानांचे वडील आहेत. कामावर निघण्याआधी ती एक चादर त्यांच्याकडं द्या. त्यांना जमत नसेल असं आधीच ठरवू नका, एकदा सांगून बघा. आणि सासूबाईंना म्हणावं, तुम्हाला लागलेली ढास खरी होती, तुमच्यामुळंच कळलं. हातानं धुवायचा आग्रह त्या बहुधा आपोआप सोडतील.